वाचकांचे प्रश्न : तपासकथांमधली सोबत

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांमध्ये दूरचित्रवाणीवरील गुन्हेमालिकांविषयीची पत्रे नेहमीपेक्षा अधिक होती, आणि त्यांतली बरीचशी जळगाव, धुळे व नंदुरबार या तीन जिल्ह्यांतून आली होती. पत्र लिहिणारी माणसे वेगवेगळ्या वयांची आणि व्यवसायांची असली, तरी बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीकडे होता : खून कोणी केला यापेक्षा तपास करणारी माणसे एकमेकांशी कशी वागतात, यातच आमचे मन का गुंतते? मी स्वतः यावल तालुक्यातल्या एका गावात वाढले. गल्लीत एकाच घरी केबलची जोडणी होती आणि रात्री त्या ओसरीवर दहा-बारा माणसे जमत. भाग संपल्यावर चर्चा चाले ती खुन्याची नव्हे, तर साहेब आज आपल्या माणसावर उगाच रागावले की बरोबर रागावले, याची. त्यामुळे हा प्रश्न माझाही जुना आहे. निवडलेली पत्रे संक्षिप्त करून घेतली आहेत आणि पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. मी आणि माझी पत्नी रात्रीच्या जेवणानंतर ‘सीआयडी’चे जुने भाग पाहतो. पुष्कळ भाग आम्ही दोन-तीनदा पाहिलेले आहेत आणि गुन्हेगार कोण हे पहिल्या दहा मिनिटांतच आठवते. तरीही आम्ही शेवटपर्यंत बसतो. मुलगा विचारतो, ‘‘उत्तर ठाऊक असलेले गणित पुन्हा कशाला सोडवता?’’ त्याला काय सांगावे? — एक वाचक, फैजपूर

उत्तर : आपल्या मुलाचा प्रश्न रास्त आहे, कारण गुन्हेकथा म्हणजे कोडे, अशीच तिची ओळख करून दिली जाते. पण केवळ कोड्यावर कोणतीही मालिका वीस वर्षे चालत नाही. ‘सीआयडी’ 21 जानेवारी 1998 रोजी सुरू झाली, ऑक्टोबर 2018 पर्यंत चालली, तिचे दीड हजारांहून अधिक भाग झाले आणि डिसेंबर 2024 मध्ये ती पुन्हा सुरू झाली. इतक्या खुनांपैकी प्रेक्षकांना आज किती आठवत असतील? पथकाचे प्रमुख प्रद्युमन, त्यांचे अधिकारी अभिजित, दया व फ्रेडरिक्स आणि प्रयोगशाळेतले डॉक्टर साळुंखे मात्र आपल्या भागातल्या कोणत्याही गावात, मालिका नियमाने न पाहणाऱ्यालाही ओळखीचे आहेत.

कथेतून मिळणारा आनंद दोन प्रकारचा असतो. एक कुतूहलाचा, जो उत्तर कळताच संपतो. दुसरा परिचयाचा, जो पुनरावृत्तीने वाढत जातो. आपल्या भागातल्या माणसाला हा दुसरा प्रकार समजावून सांगण्याची खरे तर गरज पडू नये. सारंगखेड्याच्या यात्रेत तमाशाचा फड लागला की वगाची गोष्ट अर्ध्याहून अधिक लोकांना पाठ असते. राजा कोणाचे ऐकून फसणार आणि शेवटी सत्य कसे उघडे पडणार, हे ठाऊक असूनही माणसे थंडीत घोंगडी पांघरून पहाटेपर्यंत बसतात, ती राजा आणि सोंगाड्या यांच्यातल्या सवाल-जबाबासाठी, एकाने बोलावे आणि दुसऱ्याने त्याच्या शब्दाला नेमका धक्का द्यावा या खेळासाठी. बतावणी रंगवणारी जोडी मोडली तर तोच वग फिका वाटतो. गोष्ट तीच असते, पण जिच्यासाठी आपण आलो ती सोबत तिथे नसते.

तपासकथेत या सोबतीला आणखी एक खोली असते, आणि माझ्या मते आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर तिथे आहे. या मालिकांतली माणसे एकमेकांवरचा जीव शब्दांत सांगत नाहीत; ती तो कामातून दाखवतात. अभिजित संशयिताला बोलण्यात गुंतवून ठेवतो, तेव्हा दया दाराशी उभा असतो आणि त्याला काय करायचे हे सांगावे लागत नाही. एकाने नुसती नजर वळवली की दुसरा मागच्या बाजूने जातो. ‘‘माझा तुझ्यावर विश्वास आहे’’ हे वाक्य उच्चारायची वेळ फारशी येत नाही, कारण पाठ फिरवून उभे राहणे हेच त्या विश्वासाचे वाक्य असते. प्रद्युमन आणि डॉक्टर साळुंखे यांचे सततचे भांडणही याच जातीचे आहे. अहवाल लवकर का मिळत नाही म्हणून एकाने डाफरायचे आणि दुसऱ्याने मी काय जादूगार आहे का, या अर्थाचे उत्तर द्यायचे. ज्यांच्यापुढे सगळा विभाग मान खाली घालून उभा राहतो, अशा दोन वडीलधाऱ्या माणसांना एकमेकांपुढे मात्र पद विसरता येते. गावातल्या पारावर बसून रोज भांडणारे आणि एक जण आला नाही तर दुसऱ्याने त्याच्या घरी निरोप पाठवावा असे दोन म्हातारे आपण पाहिलेच असतील.

आता आपल्या घरांकडे पाहा. केळीच्या बागेला पाणी देण्यासाठी रात्रीच्या पाळीची वीज असते, तेव्हा एक भाऊ मोटार सुरू करायला शेतात जातो आणि दुसरा काही न बोलता त्याच्या वाट्याचे पहाटेचे काम उरकून ठेवतो. आपल्याकडच्या वडिलांनी मुलाला कधी जवळ घेऊन माया सांगितलेली नसते. पण मुलगा नोकरीच्या गावाहून येणार म्हटल्यावर ते सकाळीच बसस्थानकावर जाऊन उभे राहतात. ज्या समाजात माया बोलून दाखवण्याची रीत नाही, त्या समाजाला कामातून व्यक्त होणारी माया चटकन वाचता येते. तपास पथकातली माणसे आपल्याला घरची वाटतात ती यामुळे. कौटुंबिक मालिकांत नात्यांविषयी पुष्कळ बोलले जाते, रडले जाते आणि शपथा घेतल्या जातात. गुन्हेमालिकेत नाते मूकपणे काम करत राहते आणि ते ओळखण्याचे काम प्रेक्षकावर सोपवलेले असते. ते आपण ओळखले याचाही एक आनंद असतो.

खुनाची गोष्ट मग कशासाठी लागते? सोन्याला कस लागतो तसा नात्याला कस लावण्यासाठी. धोका नसेल तर विश्वासाची परीक्षा होत नाही. याच मालिकेत प्रद्युमन यांना स्वतःच्या गुन्हेगार झालेल्या मुलावर गोळी झाडावी लागते. त्यानंतरच्या प्रत्येक भागात ते आपल्या हाताखालच्या तरुण अधिकाऱ्यांवर ओरडतात, तेव्हा ज्या प्रेक्षकाला ती गोष्ट आठवते त्याला त्या ओरडण्यात एका बापाची भीतीही ऐकू येते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती ऐकू येत नाही. आपण आणि आपल्या पत्नी तो भाग तिसऱ्यांदा पाहता तेव्हा आपल्याला मुलापेक्षा अधिक दिसत असते, एवढे त्याला अवश्य सांगा.

आणखी एक गोष्ट त्याला सांगण्याजोगी आहे. 2004 साली या मालिकेने 111 मिनिटांचा एक भाग कोठेही न थांबता, एकाच सलग चित्रणात पुरा केला. कोणाचेही एक पाऊल चुकले असते तर सारे पुन्हा पहिल्यापासून करावे लागले असते. वर्षानुवर्षे एकत्र काम केलेल्या नटांनाच असे धाडस जमते, आणि त्यांची ती एकमेकांची सवय पडद्यावरच्या पथकात उतरलेली असते.

प्रश्न : माझ्या सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. पती रेल्वेत रनिंग ड्युटीवर असल्याने घरात पुष्कळदा आम्ही दोघीच असतो. डिसेंबर 2023 मध्ये फ्रेडरिक्सचे काम करणारे नट दिनेश फडणीस वारल्याची बातमी आली, तेव्हा सासूबाई ‘‘माहा भाऊ गेला वं माय’’ म्हणून रडल्या आणि त्या रात्री जेवल्या नाहीत. शेजारी हसले. हे वयामुळे होणारे भ्रमिष्टपण तर नाही ना? — एक वाचिका, भुसावळ

उत्तर : हे भ्रमिष्टपण नाही, आणि हसण्यासारखेही यात काही नाही. 1956 साली डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी मनोविकारशास्त्राच्या एका नियतकालिकात याच अनुभवावर लेख लिहिला होता. दूरचित्रवाणी तेव्हा नवी होती. पडद्यावरचा माणूस ठरलेल्या वेळी घरात येतो, आपल्याकडे पाहून बोलतो, त्याच्या सवयी आपल्याला ठाऊक होतात आणि हळूहळू प्रत्यक्ष ओळखीसारखीच ओळख मनात तयार होते, फक्त ती एकाच बाजूने असते, असे त्यांचे निरीक्षण होते. आपण तिला एकतर्फी ओळख म्हणू. ती ठेवणाऱ्या माणसाला समोरचा पडद्यावर आहे हे पुरते ठाऊक असते. त्या दोघांनी हा अनुभव आजार म्हणून नव्हे, तर नव्या माध्यमाचा नेहमीचा परिणाम म्हणून मांडला.

दूरचित्रवाणीच्याही आधी असे घडलेले आहे. आर्थर कॉनन डॉईल यांनी डिसेंबर 1893 मध्ये शेरलॉक होम्सला एका कथेत मृत्यू दिला, तेव्हा लंडनच्या ज्या मासिकात त्या कथा येत त्याच्या वाचकांनी संतापून पत्रे लिहिली आणि अनेकांनी मासिक घेणे बंद केले. अखेर 1903 साली लेखकाला त्याला जिवंत परत आणावे लागले. त्या वाचकांना होम्स हे काल्पनिक पात्र आहे हे ठाऊक नव्हते असे नाही. होम्स आणि वॉटसन यांच्या खोलीत त्यांना दर महिन्याला जाऊन बसण्याची सवय झाली होती, आणि ती खोली अचानक बंद झाली होती.

पण मला भुसावळच्या वाचिकेला परदेशातल्या दाखल्यापेक्षा आपल्याच घरातला दाखला द्यावासा वाटतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्याकडे कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ आणि दागिने लावून तिची स्थापना करणारे हात घरचेच असतात. तो नारळ आहे हे प्रत्येकाला माहीत असते. रोटांचा नैवेद्य होतो, रात्रभर गाणी होतात आणि सोमवारी तिला नदीवर नेताना घरातल्या बायकांचे डोळे खरोखर भरून येतात, कारण एका रात्रीसाठी का होईना, माहेरवाशीण घरी आलेली असते. त्या डोळ्यांतल्या पाण्याला कोणी भ्रम म्हणत नाही. मनाने मानलेल्या नात्यात दुःख खरे असू शकते, हे आपल्या आज्या-पणज्यांना कोणत्याही लेखाशिवाय समजलेले होते.

फ्रेडरिक्सच्या बाबतीत तर हे अधिकच समजण्याजोगे आहे. पथकात तो सर्वांत चुकणारा, भोळा आणि बोलघेवडा. बाकीचे त्याची थट्टा करत, पण कोणी बाहेरचा त्याला बोलला तर सगळे त्याच्या बाजूने उभे राहत. ज्या घरात एक साधा, गडबड करणारा भाऊ असतो त्या घरातल्या बहिणीचा जीव त्याच्यावरच अधिक असतो, आणि आपल्या सासूबाईंनी ‘भाऊ’ हा शब्द विचार करूनच वापरला असेल.

काळजीचे एकच लक्षण मी सांगेन. प्रत्यक्ष माणसे समोर असताना त्यांच्याशी बोलणे टाकून कोणी पडद्यातच राहू लागले, जेवण-झोप अनेक दिवस बिघडली, किंवा पडद्यावरचा माणूस खरोखर घरी येईल अशी वाट पाहू लागले, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. एका रात्रीचा उपास हे त्याचे लक्षण नाही. एखाद्या संध्याकाळी त्यांच्या शेजारी बसून, त्यांना फ्रेडरिक्समध्ये कोण दिसत असे, हे त्यांना विचारून पाहा. त्या ज्याचे नाव घेतील, त्याच्याविषयी त्यांना बोलायचे राहून गेलेले असण्याची शक्यता आहे.

प्रश्न : हिंसा फारशी पाहवत नाही, पण तपास आणि माणसे आवडतात. काय पाहावे? — एक वाचिका, नंदुरबार

उत्तर : बासू चटर्जी यांनी दूरदर्शनसाठी केलेली 1993 सालची ‘ब्योमकेश बक्शी’ ही मालिका शोधून पाहावी. शरदिंदु बंद्योपाध्याय यांच्या बंगाली कथांवरची ही मालिका आहे. रजित कपूर यांचा ब्योमकेश आणि के. के. रैना यांचा अजित एका घरात राहतात, चहा पितात, वर्तमानपत्र वाचतात, आणि अर्धा तपास त्या चहाच्या टेबलावरच होतो. अजित हा हुशार मित्रापुढे कमी पडणारा माणूस आहे, पण त्याला त्याचा हेवा वाटत नाही. इतकी शांत मैत्री पडद्यावर क्वचितच दिसते. एका प्रकरणातून ब्योमकेशच्या आयुष्यात आलेल्या सत्यवतीचे काम आपल्या सुकन्या कुलकर्णी यांनी केले आहे.

प्रश्न : आम्ही मैत्रिणी वसतिगृहात गुन्हेमालिका पाहतो. दोन अधिकारी एकमेकांना आवडतात असे नुसते सूचित झाले तरी आम्हाला ते फार आवडते, आणि त्यांचे लग्न व्हावे असे वाटत राहते. पण ज्या मालिकांत असे जुळते, त्यांत पुढे मजा राहत नाही, असेही ऐकले आहे. असे का होते? आणि असे पाहणे उथळ आहे का? — एक विद्यार्थिनी, अमळनेर

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते : अजिबात उथळ नाही. 1993 साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘एक्स-फाइल्स’ या तपासमालिकेतले मल्डर आणि स्कली एकत्र यावेत असे वाटणाऱ्या चाहत्यांनी स्वतःला ‘शिपर’ म्हणवून घेतले, आणि आज तुमच्या वयाची मुले ‘शिप करणे’ हे जे क्रियापद सर्रास वापरतात ते तिथूनच पसरले. म्हणजे जी इच्छा तुम्हाला अमळनेरच्या वसतिगृहात होते, ती तीस वर्षांपूर्वी दुसऱ्या खंडातल्या तरुण प्रेक्षकांनाही झाली होती, आणि दोन्ही वेळा निमित्त गुन्ह्याच्या तपासाचेच होते.

तपासच निमित्त का होतो, याचे कारण कामाच्या स्वरूपात आहे. तपासात दोन माणसांना तासन्‌तास एकत्र राहावे लागते, एकमेकांच्या बुद्धीवर विसंबावे लागते आणि एकमेकांचा थकवा, चीड व भीती पाहावी लागते. त्याच वेळी काम त्यांना बोलू देत नाही, कारण समोर प्रेत आहे, वरिष्ठ वाट पाहत आहेत आणि आरोपी पळतो आहे. जवळ आणणारी आणि अडवणारी गोष्ट एकच असली की न बोललेल्या शब्दाला वजन येते. ‘सीआयडी’तील दया आणि श्रेया किंवा अभिजित आणि डॉक्टर तारिका यांच्यात प्रत्यक्ष घडते फारच थोडे. प्रयोगशाळेत अहवाल घ्यायला गेलेला अभिजित दोन क्षण अधिक थांबतो, साळुंखे घसा खाकरतात, आणि प्रसंग संपतो. त्या दोन क्षणांवर प्रेक्षक आठवडाभर बोलत राहतात, कारण उरलेले सारे त्यांनाच भरून काढायचे असते.

आता ‘जुळले की मजा जाते’ याविषयी. या समजुतीचे मूळ पुष्कळदा 1985 ते 1989 या काळात चाललेल्या ‘मूनलायटिंग’ या अमेरिकन मालिकेत शोधले जाते. तिच्यातले गुप्तहेर स्त्री-पुरुष 1987 साली एकत्र आले आणि त्यानंतर मालिकेची लोकप्रियता घसरली. हा दाखला देताना इतर कारणे मात्र वगळली जातात. मुख्य अभिनेत्री त्या काळात गरोदर असल्याने आणि मुख्य नट चित्रपटाच्या कामात गुंतल्याने दोघे एकत्र दिसेनासे झाले, चित्रीकरण सतत रखडत असे, आणि 1988 साली लेखकांचा मोठा संप झाला. माझे मत असे आहे की लग्नाने मालिका बिघडत नाही. लग्नानंतर लेखक त्या दोघांना कामावरून उचलून दिवाणखान्यात आणून बसवतात, तिथे ती बिघडते. ज्या नात्याची भाषाच काम ही होती, त्याच्याकडून काम काढून घेतल्यावर त्या दोघांना बोलायला काही उरत नाही. वर उल्लेख केलेल्या ब्योमकेश आणि सत्यवतीचे लग्न होते आणि तरीही घरात तपास चालूच राहतो, त्यामुळे तिथे काही उणे झालेले जाणवत नाही.

तुमच्या पत्रात एक वाक्य होते, जे मी जागेअभावी वर दिलेले नाही, पण त्याविषयी लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. तुम्ही लिहिले आहे की तुमच्या घरी पुरुष आणि स्त्रिया एकमेकांशी ‘कामापुरते’ बोलतात, आणि या मालिकांत तेच ‘कामापुरते’ बोलणे किती सुंदर असू शकते हे तुम्हाला दिसते. तुम्ही फार नेमके पाहिले आहे. आपल्याकडे स्त्री-पुरुषांत बोलणे व्हायचे तर आधी नात्याचे नाव लागते : भाऊ, दीर, मामा, जिभाऊ. नाव नसलेल्या नात्याकडे संशयाने पाहिले जाते. तपास पथकात एक तरुण बाई आणि एक तरुण पुरुष यांना असे कोणतेही नाव न घेता, बरोबरीने, एका प्रश्नावर डोके चालवताना पाहता येते. 2011 साली स्टार प्रवाहवर सुरू झालेल्या ‘लक्ष्य’ या मराठी मालिकेत अदिती सारंगधर यांची सलोनी देशमुख सहकाऱ्यांशी वाद घालते आणि त्यांना हुकूम देते, आणि ते सहकारी पुरुष तो हुकूम मानतात, हे त्या काळी आमच्या गावातल्या मुली डोळे मोठे करून पाहत असत. त्यांना तिच्या लग्नाची उत्सुकता होतीच. पण तिचे म्हणणे खोलीतले सगळे जण ऐकून घेतात, याची त्यांना त्याहून अधिक भूल पडली होती.

प्रश्न : ‘देवमाणूस’ चालू असताना आमच्या घरी रात्री सगळे एकत्र बसत. तो डॉक्टर खुनी आहे हे माहीत असूनही त्याचे आणि सरू आजीचे प्रसंग आले की आम्ही हसायचो. नंतर मला त्याची टोचणी लागली. खुन्याचा सहवास आवडणे चुकीचे आहे का? — एक शेतकरी वाचक, शिरपूर तालुका

उत्तर : आपल्याला टोचणी लागली, हे मला महत्त्वाचे वाटते. झी मराठीवर ऑगस्ट 2020 मध्ये सुरू झालेल्या या मालिकेची कल्पना सातारा जिल्ह्यात उघडकीस आलेल्या एका प्रकरणावरून सुचलेली होती. तिथे तपास पथकाची सोबत सुरुवातीला नव्हतीच. सोबत होती ती एका गावाची आणि त्या गावाने देव मानलेल्या माणसाची. आपण हसत होता ते बहुधा खुन्यासाठी नव्हे, तर आजीच्या तोंडातल्या म्हणींसाठी आणि तिच्या निर्धास्तपणासाठी. जे आपल्याला माहीत आहे ते तिला माहीत नाही, म्हणून प्रत्येक हसण्याच्या खाली धास्ती होती, आणि हसणे व धास्ती एकत्र आली की माणूस पडद्यापुढून उठू शकत नाही.

डॉल्फ झिलमन या अभ्यासकाने असे मांडले होते की प्रेक्षक पात्रांच्या वागण्याचा मनातल्या मनात सतत न्याय करत असतो आणि त्या निवाड्यावरून कोणाचे भले व्हावे, कोणाचे वाईट व्हावे, हे ठरवतो. त्या दृष्टीने पाहिले तर अशा मालिकेची जबाबदारी मोठी असते. खुन्याला जसजसे अधिक प्रसंग, अधिक विनोद आणि अधिक हजरजबाबीपणा मिळतो, तसतसा प्रेक्षकाचा तराजू ढळू लागतो, आणि मारल्या गेलेल्या बाया नुसत्या संख्येपुरत्या उरतात. खऱ्या घटनेवरून सुचलेल्या कथेत तर त्या बायांची खरी घरे कुठेतरी असतात. मला या मालिकेचे पहिले काही महिने परिणामकारक वाटले. पुढे कथा लांबत गेली तसा तो माणूसच मालिकेचा लाडका होत गेला, आणि ते मला खटकले.

याच्या उलट बाजूला ‘क्राइम पेट्रोल’ आहे. तिथे दर वेळी माणसे वेगळी, गाव वेगळे, तपासी अधिकारी वेगळे. प्रेक्षकाने जीव लावावा असे कायमचे पथकच नाही. तरीही लोक ती वर्षानुवर्षे पाहत आले, आणि त्याचे एक कारण मला निवेदक अनुप सोनी यांच्यात दिसते. भयंकर गोष्ट सांगत असतानाही न ओरडता, सावध करणाऱ्या थोरल्या भावासारखे ते बोलत. पात्रांमधले नाते नसले तर प्रेक्षक सांगणाऱ्याशी नाते जोडतो, कारण अंधाऱ्या गोष्टीत एकटे जायला कोणालाच आवडत नाही. आपल्या घरी ‘देवमाणूस’ सगळ्यांनी एकत्र बसून पाहिली गेली, यातही तीच गरज असावी.

प्रश्न : माझे वडील पोलीस दलात हवालदार आहेत. मी गुन्हेमालिका पाहत असले की ते म्हणतात, ‘‘आसं काही नही ऱ्हास, बेटा.’’ मग आम्ही जे नाते पाहून भारावतो ते सगळे खोटेच का? — एक वाचिका, धुळे

उत्तर : कामाच्या तपशिलाबाबत आपल्या वडिलांचेच खरे आहे. मालिकेतले पथक वीस वर्षे एकत्र राहते. प्रत्यक्षात ठरावीक काळाने बदल्या होतात आणि जुळलेली माणसे वेगळ्या ठाण्यांत जातात. पडद्यावर प्रयोगशाळेचा अहवाल तासाभरात येतो. प्रत्यक्षात त्यासाठी दिवस आणि आठवडे वाट पाहावी लागते. पडद्यावर आरोपीने कबुली दिली की गोष्ट संपते. प्रत्यक्षात पोलिसांपुढची कबुली न्यायालयात पुरावा ठरत नाही, आणि अटकेनंतर गुन्ह्याच्या स्वरूपानुसार 60 किंवा 90 दिवसांत दोषारोपपत्र दाखल झाले नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. 1 जुलै 2024 पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली तरी ही मुदत तीच आहे. पंचनामा, मुद्देमालाची नोंद, साक्षीदारांचे जबाब, त्यांच्या प्रती, यांत आपल्या वडिलांचे जितके आयुष्य गेले असेल त्याचा शतांशही कोणत्याही मालिकेत दिसत नाही. शिवाय मालिकेतले पथक मुंबईभर धावत असते, तर आपल्या राज्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाचे मुख्यालय पुण्याला आहे आणि रोजच्या गुन्ह्यांचा तपास बहुतांशी पोलीस ठाण्यातूनच होतो.

मात्र, त्यांच्या म्हणण्याचा अर्थ असा घेऊ नये की त्यांच्या नोकरीत ती सोबत नव्हती. मालिका नात्याचा काळ लांबवते आणि प्रसंग मोठे करते. मूळ वस्तू तिने शोधून काढलेली नसते. ज्या माणसाबरोबर रात्रगस्तीला मोटारसायकलवर थंडीच्या रात्री काढल्या, सणाच्या बंदोबस्तात ज्याच्याबरोबर एकाच डब्यातली शेवभाजी आणि भाकरी खाल्ली, घरी आजारपण असताना ज्याने न सांगता आपली ड्युटी बदलून घेतली, असा माणूस पोलीस दलात तीस वर्षे काढलेल्या जवळजवळ प्रत्येकाला भेटलेला असतो. तो सांगितला जात नाही, कारण त्यांच्या लेखी ते नाते नसून काम असते.

तेव्हा पुढच्या वेळी वडील शेजारी बसले आणि त्यांनी तेच वाक्य म्हटले, तर मालिका थोडी थांबवून त्यांना विचारा, की त्यांच्या पहिल्या ठाण्यात त्यांच्याबरोबर रात्रगस्तीला कोण असे आणि तो माणूस आता कोठे आहे. ते जे सांगतील ते लिहून आमच्याकडे पाठवले, तर नावे आणि ठाणे वगळून आम्ही ते पुढच्या अंकात छापू.